पाच कोऱ्या प्रती

जुने कॉमिक तपासून त्यांना गुण देणाऱ्या आणि मग कडक, पारदर्शक पेटीत कायमचे बंद करून परत पाठवणाऱ्या संस्था आहेत, हे मला निवृत्तीनंतर कळले. काम परीक्षकाचेच. आपण अंक पाठवायचा, फी भरायची. ते दहापैकी गुण देतात आणि अर्ध्या गुणासाठीही काटेकोर असतात. पेटी बंद झाल्यावर तो अंक कोणी वाचत नाही. वाचण्यासाठी छापलेल्या वस्तूला न वाचली गेल्याबद्दल गुण मिळावेत, हे मला आधी विचित्र वाटले होते. मग आठवले की शाळेत आम्हीही स्वच्छ वहीला वेगळे गुण देत होतो, आणि स्वच्छ वही बहुधा कमी वापरलेली असे.

अशा संस्थेकडे काय पाठवावे आणि काय पाठवू नये, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे थोरल्या भावामुळे आले. ते मी कसे केले, हे क्रमाने सांगतो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सिंदी रेल्वेला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचे कॉमिक भाड्याने देण्याचे दुकान होते. तिथेच बाकावर बसून वाचले तर एक भाडे, घरी नेले तर दुप्पट. गाडीची वाट पाहणारे, कापसाच्या जिनिंगमधले मजूर, शाळा बुडवलेली मुले, असे त्याचे वाचक. आमच्याकडे हिंदी वाचायला कोणाला शिकवावे लागत नाही, म्हणून हिंदी अंक जास्त, मराठी कमी. मी तेव्हा आंजीच्या शाळेत शिक्षक होतो आणि मुलांच्या दप्तरातून तेच अंक काढून घेत होतो. दादा म्हणायचा, "तू जप्त कर, मी भाड्यानं देतो. आपल्या घरचं दोन्हीकून चालून राह्यलं." घरोघरी केबल आली आणि दुकान बंद पडले. अंक एका लोखंडी कपाटात गेले. कपाट पुढे त्याच्या मुलाच्या नव्या घरात गेले आणि वहिनी वारल्यावर दादाही त्याच खोलीत गेला.

गेल्या वर्षी त्या खोलीची गरज पडली. नात दहावीला गेली होती; तिच्या टेबलाला जागा हवी होती. दादाने मोबाईलवर कोणा संग्राहकाचा व्हिडिओ पाहिला होता आणि कपाटात खजिना आहे, असे तो घरात सांगत फिरत होता. कोणी मनावर घेत नव्हते. त्या उन्हाळ्यात एकदा त्याच्याकडून गॅस चालू राहिला होता, दोनदा तो बाजारातून पिशवी विसरून आला होता, आणि "बाबांचं डोकं आता चालत नाई" हे वाक्य त्या घरात त्याच्यादेखत बोलले जाऊ लागले होते. कपाटात खरोखर काही निघाले, तर दादाचे डोके चालते हे सिद्ध होणार होते. पणाला लागले होते ते एवढेच, आणि ते आम्हा सर्वांना माहीत होते.

मी बोरगाव मेघेहून रविवारी सकाळी गेलो. सोबत फुलस्केप कागद, भिंग आणि धुतलेला रुमाल. सूनबाई दारात मेथी निवडत बसली होती. ती म्हणाली, "काकाजी, तुम्ही एकखेपी सांगून टाका. सोनं असन तं इका, रद्दी असन तं इका. पण थे कपाट हालवा."

"सोनंच आहे," दादा आतून म्हणाला. "तुले काय समजते."

तपासणीची पद्धत सोपी आहे. कोणीही शिकू शकतो. प्रथम कणा पाहावा, म्हणजे अंकाची घडी. तिथे मोड असेल, रंग उडाला असेल, तर गुण जातात. मग पिना: गंजल्या आहेत का, मूळच्याच आहेत का. मग चारही कडा आणि कोपरे. मग कागदाचा रंग. हा वर्तमानपत्राचा कागद असतो आणि तो पिवळा, तपकिरी, शेवटी ठिसूळ होत जातो. सर्वांत शेवटी परकी वस्तू शोधावी. चिकटपट्टी, खळ, पेनाने लिहिलेले नाव, शिक्का. छापखान्यातून निघाला त्या स्थितीपासून अंक जितका दूर, तितके गुण कमी. दुरुस्तीने गुण वाढत नाहीत. बहुतेक वेळा ते आणखी कमी होतात.

आता भाड्याचे दुकान कसे चालते, तेही सांगितले पाहिजे. नवा अंक आला की दादा त्याच्या पिना उपटून टाकी. दाभणाने तीन भोके पाडून दुहेरी दोऱ्याने शिवी. मुखपृष्ठ सोडवून मोरचूद घातलेल्या खळीने पुठ्ठ्यावर चिकटवी, म्हणजे कसर लागत नाही. मग ओळखीच्या प्रेसमध्ये नेऊन कटरवर तिन्ही कडा सरळ कापून आणी. शेवटी मुखपृष्ठावर आणि दहाव्या पानावर दुकानाचा गोल शिक्का. दहाव्या पानावर अशासाठी की चोर मुखपृष्ठ फाडतो, दहावे पान फाडायचे त्याच्या लक्षात येत नाही. शिक्का मारल्याशिवाय एकही अंक दुकानाबाहेर जात नसे. हे सगळे तो स्वतः करी आणि उत्तम करी.

त्याने पहिला अंक माझ्या हातात दिला. "याले दोनशे हात लागले असतीन. एक पान सुटलं काय? सांग बरं, सुटलं काय?"

"सुटले नाही."

"मंग!"

"म्हणूनच गुण नाहीत, दादा. पिना मूळच्या नाहीत. मुखपृष्ठ चिकटवलेले आहे. कडा कापलेल्या आहेत."

"कापल्या म्हून तं सरके दिसतेत."

"कापलेला अंक ते पूर्ण अंक मानतच नाहीत. दहापैकी अर्धा."

"अर्धा गुण?" दादा हसला. "तुह्ये थे लोक येडे आहेत काय बे?"

दारातून सूनबाई म्हणाली, "बाबा नापास झाले वाटते." त्यावरही दादा हसला. पहिल्या दहा-बारा अंकांपर्यंत तो हसत होता.

ग्रेडिंगला पाठवण्याचा नियम असा की गुण मिळाल्यावर अंकाची किंमत जेवढी वाढेल, ती फी आणि टपालखर्चाहून जास्त असली पाहिजे. झिजलेल्या अंकाच्या बाबतीत ती कधीच तेवढी वाढत नाही. त्यामुळे सर्व अंक एकाच हाताने, एकाच पद्धतीने बांधलेले असतील, तर नमुन्यादाखल वीस तपासले तरी निर्णय होतो. कपाटात तीनशे बारा अंक होते. मी तीनशे बाराही तपासले आणि प्रत्येकाचे गुण मोठ्याने वाचले, वर्गात चाचणीचे निकाल वाचतात तसे. अर्धा. अर्धा. एक. अर्धा. चाळिसाव्या अंकानंतर दादाने अंक काढून देणे थांबवले आणि हात गुडघ्यांवर ठेवून तो नुसता बसून राहिला. मग मीच उठून काढू लागलो. पुतण्या आंघोळ करून आला, खुर्ची ओढून बसला आणि शंभराव्या अंकापर्यंत ऐकून म्हणाला, "काका, पुरे करा ना आता." मी म्हणालो, "अर्धवट तपासणीला अर्थ नसतो." हे वाक्य खरे आहे. ते मी त्या दिवशी का वापरले, हा वेगळा प्रश्न आहे. लहानपणापासून दादा मला पुस्तकातून बोलणारा म्हणत आला होता. चारचौघांत माझी नक्कल करी. त्या दिवशी नक्कल करायला त्याच्याकडे काही उरू नये, असे मला वाटत होते.

सर्वांत खालच्या खणात मागे एक गठ्ठा होता. खाकी कागद, वरून सुतळी.

"हे राह्यलंच," दादा म्हणाला. आवाजात आता जोर नव्हता. "दुकान बंद केलं त्याच हप्त्यात नागपूरहून आलता. सोडलाच नाई म्या."

मी सुतळी कापली. आत एका हिंदी मालिकेच्या पहिल्या अंकाच्या सात प्रती होत्या. खाणीत काम करणारा एक नायक, हातात कंदील, मागे निळा काळोख. वरच्या आणि खालच्या प्रतीवर सुतळीचे वळ उठले होते. मधल्या पाच कोऱ्या होत्या. पिना चमकत होत्या. कोपरे बोटाला टोचत होते. पान उघडले तर नव्या शाईचा वास अजून दबून होता. मी भिंगातून पाचही प्रती दोनदा पाहिल्या आणि मला एकही दोष सापडला नाही. मी तसे सांगितले.

दादाने विचारले, "किती गुण?"

"नऊच्या वर. कदाचित साडेनऊ."

तो उठला आणि सूनबाईच्या मेथीच्या ताटाशेजारी जाऊन उभा राहिला. "साडेनऊ," तो तिला म्हणाला.

माझा एक जुना विद्यार्थी नागपुरात जुन्या अंकांचा व्यवहार करतो. त्याला मी फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "सर, ही मालिका लोक शोधून राहिले आहेत. कोरा पहिला अंक कोणाकडेच नाही. मधल्या पाच प्रती मला द्या, फॉर्म मी भरतो. फक्त घरी कोणी काही पुसू नका, काही लावू नका." पुतण्याने हे स्पीकरवर ऐकले. तो दादाला म्हणाला, "बाबा, हे पास झाले तं कपाट राहूच द्या. काच लावून देतो त्याले." पोरीचे टेबल हॉलमध्ये लागेल, असे सूनबाईनेच सुचवले. त्या दुपारी जेवताना पहिली पोळी दादाच्या ताटात पडली. मी ते पाहिले.

पुढच्या रविवारी प्रती घेऊन मी नागपूरला जाणार होतो. तोवर त्या दादाकडेच राहणार होत्या, म्हणून निघण्यापूर्वी मी फुलस्केपवर सूचना लिहून दिल्या. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच प्रतीला स्पर्श करावा. खळ, चिकटपट्टी, पावडर काहीही लावू नये. प्रत्येक प्रत स्वच्छ कागदात स्वतंत्र ठेवावी. उन्हात किंवा ओलीत ठेवू नये. आणि पाचवी सूचना: बाहेर पाठवण्यापूर्वी प्रत्येक प्रतीवर ओळखीची खूण करावी.

ही पाचवी ओळ मी का लिहिली? शाळेतून पुस्तके, उत्तरपत्रिका, नकाशे, जे काही बाहेर गेले, त्याच्या यादीखाली मी ही ओळ तीस वर्षे लिहीत आलो होतो. चार सूचना लिहून झाल्यावर हाताने पाचवी आपोआप लिहिली. मी कागद पुन्हा वाचला नाही. मुलांना मी नेहमी सांगत असे की पेपर देण्यापूर्वी एकदा वाचावा.

गुरुवारी मी वाचनालयात असताना दादाचा फोन आला.

"मास्तर, पाच नंबरवर खूण करा लिहिलं आहे तूनं. शिक्का मारू काय? पण तू तं शिक्का खराब म्हणे त्या दिवशी."

वाचनालयात फोनवर बोलू नये, अशी पाटी आहे आणि ती मीच लावायला लावली होती. लोक माझ्याकडे पाहत होते. मी हळू आवाजात म्हणालो, "दादा, लिहिले आहे तसे कर. प्रत्येक गोष्टीत शंका काढू नकोस."

"नाई, म्हटलं एकदा विचारून घ्यावं..."

"माझे अक्षर वाचता येते ना?"

"येते ना बाप्पा. तुह्यं अक्षर तं मोत्यासारखं."

"मग झाले."

रविवारी मी पोचलो तेव्हा पाचही प्रती टेबलावर मांडलेल्या होत्या. प्रत्येक स्वच्छ कागदात, कागदाची घडी अचूक. दादाने नवे धोतर नेसले होते. त्याने स्वतः एकेक कागद उघडला. प्रत्येक मुखपृष्ठावर, कंदिलाच्या बरोबर वर, निळ्या काळोखाच्या जागी, जांभळा गोल शिक्का होता. त्याने दहावे पानही उघडून दाखवले.

"जुनी गादी वाळून गेलती," तो म्हणाला. "नवी आणली. ठसा पाह्य कसा उमटला. एकई फाकला नाई."

पुतण्याच लवकर सावरला. "बाबा, हे काय केलं तुम्ही?"

"काऊन? मास्तरनं लिहून देलं होतं. पाच नंबर."

सगळे माझ्याकडे वळले, आणि लगेच पुन्हा प्रतींकडे वळले, कारण सूनबाईने एक प्रत उचलून ओल्या बोटाने शिक्का पुसता येतो का, हे पाहायला सुरुवात केली होती. जांभळा रंग पसरला. त्या क्षणी तिघेही टेबलावर वाकलेले होते. माझा कागद शिक्क्याच्या गादीच्या डबीखाली होता. माझेच अक्षर, वरचे तीन बोटांएवढे दिसत होते. मी तो काढला, चार घड्या केल्या आणि खिशात पेनाशेजारी ठेवला. याला फार वेळ लागला नाही.

मग मी म्हणालो, "मी असे काही लिहिले नव्हते."

दादा हसला, त्याला ही थट्टा वाटली. "अरे, कागद आहे ना. इथंच ठेवलता." त्याने डबी उचलली. टेबलाखाली पाहिले. "गुरवारी फोन केलता मी तुले. शिक्का मारू काय म्हून."

फोन आल्याची नोंद मोबाईलमध्ये राहते, हे मला माहीत होते. "फोन आला होता," मी म्हणालो. "तू माझ्या गुडघ्याचे विचारत होतास."

दादा माझ्याकडे पाहत राहिला. पुतण्या खाली पाहत होता. कागद खऱ्या अर्थाने शोधला तो एकट्या सूनबाईने; तिने पलंगावरची गादी उचलली, कपाटाचे सगळे खण काढले, केराचा डबा वर्तमानपत्रावर उलटा केला. शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, नाई जी कागद कुठंच. तुमच्या मनातच आलं असन ते." तिने हे मऊ आवाजात म्हटले. ती ओरडली असती तर दादा भांडला असता.

कागद मी घरी येऊन बंबात घातला. नागपूरच्या विद्यार्थ्याला फोन करून अंक खराब झाल्याचे कळवले. तो हळहळला. "कोणी केलं हो सर?" मी म्हणालो, "भावाने." त्यानंतर कधीही मला ते वाक्य मागे घेता आले असते. ते आजही घेता येईल.

पुतण्याने दादाला वर्ध्याला डॉक्टरकडे न्यायचे ठरवले आणि सोबत मला घेतले, कारण काका नीट सांगतील. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला. शंभरातून सात, मग उरल्यातून सात, असे वजा करायला सांगितले. दादा दुकानदार, तो डॉक्टरांच्या आधी पुढे जात होता. तीन शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले, ते तिन्ही त्याने क्रमाने सांगितले. डॉक्टर म्हणाले, "यांची स्मरणशक्ती तर चांगली दिसते. तुम्हाला नेमकी काळजी कशाची आहे?"

पुतण्याने शिक्क्याची हकिकत सांगितली.

डॉक्टर दादाकडे वळले. "आजोबा, का मारला होता शिक्का?"

दादाने खुर्चीत थोडे सरकून माझ्याकडे पाहिले. मीही त्याच्याकडे पाहिले. नजर चुकवली की मुले खोटे बोलतात हे ओळखायचे, असे मी अनेक नव्या शिक्षकांना शिकवले आहे.

"मले वाटलं, मास्तरनं सांगतलं होतं," तो म्हणाला. "पण तो नाई म्हणते."

"तुम्हाला नक्की आठवतं का?"

"आठवते ना. कागद आठवते, अक्षर आठवते. फोनवर काय म्हणे तेई आठवते." तो थांबला. "पण तो मास्तर आहे डॉक्टरसाहेब. लहानपणापासून एक शब्द इकडचा तिकडं नाई करत. तो खोटं कायले बोलन? मंग माह्यंच डोस्कं खराब झालं असन."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिले, एक गोळी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी यायला सांगितले.

कपाट रिकामे झाले. पाच प्रतीही रद्दीतच गेल्या. रद्दीवाल्याने त्या वेगळ्या काढल्या नाहीत. नातीचे टेबल लागले. दादाकडून गॅसपाशी जाणे, बाजारात एकटे जाणे आणि दाराची किल्ली काढून घेण्यात आली, आणि त्याने तक्रार केली नाही. आठवणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याने फार लवकर शिकून घेतले; शिकवलेले तो नेहमी मन लावून करतो. आता तो मला दिवसातून चार-पाचदा फोन करतो. आज दुपारीही केला.

"मास्तर, भूक लागल्यासारखी वाटून राह्यली. जेवलो का नाई मी, सूनबाईले विचारून सांगशीन काय? मी विचारलं तं थे हासते."

मी सूनबाईला फोन लावला, विचारले, आणि त्याला परत फोन केला.

"जेवला नाहीस, दादा."

"हो काय?" तो म्हणाला. त्याला हायसे वाटलेले आवाजात कळत होते. "मंग जेवतो."